घरचा पाली-मराठी शब्दकोश



आमच्या वस्तीतील विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास शंका-समाधानासाठी ठेवलेला असतो. एका रविवारी सहावीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सिक्खापद म्हणजे शिक्षा का? शील मोडलं तर ती आपल्याला कोण देतो?" मुले हसली. मुलीची आजी मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "मला पण तसंच वाटतं. मी भीत भीतच म्हणते."

त्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन चार वर्षे झाली होती. घरातले देव विसर्जित झाले होते, नवस-सायास बंद झाले होते. पण दंड करणारा कोणीतरी वर बसला आहे ही भीती एका शब्दाच्या आडोशाने घरात तशीच राहिली होती. पालीतील 'सिक्खा' म्हणजे शिकणे, सराव करणे. सिक्खापद म्हणजे आपण स्वतः होऊन शिकण्यासाठी घेतलेला नियम. त्यात दंड देणारा कोणी नाही. हे त्या माउलीला चार वर्षांत कोणी सांगितले नाही आणि पाहायला तिच्याजवळ कोशही नव्हता.

या पाठात आपण असा कोश घरच्या घरी कसा तयार करावा आणि तो ई-बुक रीडरमध्ये किंवा मोबाईलमध्ये कसा बसवावा, ते शिकणार आहोत. पुस्तक वाचताना शब्दावर बोट दाबून धरले की अर्थ समोर यावा, हा आपला हेतू.

कोशाची गरज का?

पाली आणि मराठी या एकाच घराण्यातल्या भाषा. त्यामुळे पाली शब्द ऐकला की तो ओळखीचा वाटतो, आणि फसगत होते ती इथेच. पुढील शब्द पाहा.

'सरण' : पालीत अर्थ आश्रय, आसरा. मराठीत सरण म्हणजे चिता. मराठीतला 'शरण जाणे' हा प्रयोगही बहुधा हार पत्करण्याचा.

'वेदना' : मराठीत दुखणे. पालीत कोणताही अनुभव, मग तो सुखद असो, दुःखद असो, की दोन्ही नसलेला असो. 'वेदना पाहा' असे ध्यानाच्या पाठात सांगितले की आपला माणूस गुडघ्यातली कळ शोधू लागतो.

'पमाद' : मराठीत प्रमाद म्हणजे चूक. पालीत गाफीलपणा, बेसावधपणा. पाचव्या शीलात दारूला पमादाचे ठिकाण म्हटले आहे, ते या अर्थाने.

'कम्म' : या शब्दाने तर आपल्या पिढ्यान् पिढ्या नाडल्या गेल्या. "माझं कर्म!" म्हणून आपल्या आया-बाया कपाळाला हात लावीत आल्या. हलकी मानलेली जात, उपास, अपमान, सारे मागच्या जन्मीच्या कर्माच्या खात्यावर टाकले गेले. पालीत कम्म म्हणजे हेतुपूर्वक केलेली कृती, कायेने, वाचेने किंवा मनाने. भगवंतांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कम्म म्हटले आहे. कपाळावर लिहिलेले काही त्यात येत नाही.

तेव्हा दीक्षा घेतली पण शब्दांचे अर्थ जुनेच राहिले, तर जुना धर्म नव्या शब्दांत बसून परत घरात येतो. त्याला दारातच ओळखण्याचे साधन म्हणजे कोश.

हे काम आपल्या परंपरेतलेच आहे

शब्दांचा अर्थ सर्वांच्या हाती असावा, ही धम्मातली जुनी गोष्ट आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू भाऊ भगवंतांकडे आले. नाना कुळांतले, नाना जातींतले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छांदस भाषेत घालावे, अशी त्यांची विनंती होती. भगवंतांनी ती नाकारली आणि वचन आपल्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. 'आपली बोली' म्हणजे नेमकी कोणती, याविषयी पुढे अट्ठकथाकारांनी वेगळा अर्थ केला. पण मूठभरांच्या भाषेत वचन कुलूपबंद करू दिले नाही, एवढे निश्चित.

मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्तात आणखी एक दाखला आहे. एकाच भांड्याला एका प्रदेशात पाती म्हणतात, दुसऱ्या प्रदेशात पत्त, कुठे सराव, कुठे पोण. अशी सात नावे तिथे दिली आहेत. आपल्याच प्रदेशाचे नाव खरे आणि बाकीची खोटी, असा हट्ट धरू नये, असा त्याचा बोध. कोश करणाराने हा बोध पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

बाराव्या शतकात सिंहलद्वीपात 'अभिधानप्पदीपिका' हा पाली शब्दांचा कोश मोग्गल्लान थेरांनी रचला. तो पद्यात आहे. पाठ असलेले पद्य चटकन आठवे, म्हणजे शोधण्याचे यंत्र माणसाच्या डोक्यातच होते. इंग्रजीत पाली टेक्स्ट सोसायटीचा मोठा कोश १९२१ ते १९२५ या काळात निघाला.

आणि आपल्यासाठी सर्वांत जवळचा दाखला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. राज्यघटना, संसद, आंदोलन यांचा भार खांद्यावर असताना आणि प्रकृती साथ देत नसताना या महामानवाने पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश यांचे काम केले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या मालेत खंड १६ म्हणून ते १९९८ साली प्रसिद्ध केले. त्या कोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, हिंदी, मराठी आणि गुजराती या भाषांत आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी त्रिशरण-पंचशील पालीत दिले आणि बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या. म्हणजे पाठ पालीत आणि समज मराठीत, अशी दोन्ही सोय त्यांनी पाहिली. २०२४ साली भारत सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो कागदावरचा मान घरात उतरवणे आपल्या हाती आहे.

काम किती मोठे?

घाबरण्याचे कारण नाही. नमस्कार, त्रिशरण आणि पंचशील यांतले वेगवेगळे शब्द मोजले तर अवघे २१ भरतात. काही पुस्तकांत शब्द जोडून, काहींत तोडून छापतात, म्हणून एखादा इकडे तिकडे होईल. रोज तीन शब्द लिहिले तर एका आठवड्यात तुमचा पहिला कोश पुरा होतो. पुढे बुद्धपूजा, मंगलसुत्त, धम्मपद असे क्रमाने वाढवत जावे.

पायरी पहिली : यादी

संगणकावर हिशेबाचा तक्ता असतो तसा दोन रकान्यांचा तक्ता उघडा. लिब्रेऑफिस हा मोफत कार्यक्रम त्यासाठी पुरेसा आहे. पहिल्या रकान्यात पाली शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ. एका ओळीत एकच शब्द. अर्थ लिहिताना मध्ये नवी ओळ करू नये.

अर्थ लिहिण्याची रीत अशी ठेवा. आधी शब्दाची फोड, मग साधा अर्थ, मग मराठीत फसगत होत असेल तर इशारा, आणि शेवटी अर्थ कुठून घेतला त्याची खूण. उदाहरणार्थ :

सिक्खापद : सिक्खा (शिकणे) + पद (पाऊल, भाग). स्वतः होऊन घेतलेला शिकण्याचा नियम. दंड या अर्थाची 'शिक्षा' नव्हे.

अदिन्नादान : अ (नाही) + दिन्न (दिलेले) + आदान (घेणे). जे दिलेले नाही ते घेणे.

पाणातिपात : पाण (प्राण, जीव) + अतिपात (घात). जीव घेणे.

वेरमणी : दूर राहणे, विरत होणे.

'अदिन्नादान' या शब्दाची फोड मुलांना जरूर दाखवा. 'चोरी' म्हटले की पोलीस आठवतो. 'न दिलेले घेणे' म्हटले की उसने आणून परत न केलेली वस्तू, मजुराचा कापलेला रोज, बहिणीला न विचारता घेतलेली वही, हे सारे डोळ्यांपुढे येते. शील कळते ते असे.

पायरी दुसरी : शब्दाची रूपे

इथे बहुतेकांचा कोश फसतो. यंत्राला व्याकरण येत नाही. तुम्ही यादीत 'बुद्ध' लिहिले आणि पुस्तकात 'बुद्धं' असेल, तर यंत्र म्हणते, शब्द सापडला नाही. मराठीत 'घर' लिहून ठेवले आणि 'घराला' शोधले तर होईल, तसेच हे.

म्हणून मूळ शब्दापुढे त्याची रूपे उभ्या रेघेने जोडून लिहावीत :

बुद्ध|बुद्धो|बुद्धं|बुद्धेन|बुद्धस्स|बुद्धे|बुद्धा|बुद्धानं|बुद्धेसु

क्रियापद पाली कोशात 'तो करतो' या रूपाने लावतात. म्हणून 'गच्छामि' हे 'गच्छति' याखाली आणि 'समादियामि' हे 'समादियति' याखाली येईल :

समादियति|समादियामि|समादियाम

सगळी रूपे एकदम लिहायला बसू नये. जे रूप आपल्या वंदनेच्या पुस्तकात आहे ते आधी लिहावे. 'पाणातिपाता' हे रूप पंचमीचे आहे, अर्थ 'जीव घेण्यापासून'. पुढे 'वेरमणी', दूर राहणे. रूप लिहिता लिहिता वाक्य आपोआप उलगडते, हा लाभ वेगळाच.

पायरी तिसरी : लेखनातले भेद

एक पुस्तक 'संघ' छापते, दुसरे 'सङ्घ'. कुठे 'वेरमणी', कुठे 'वेरमणि'. माणसाला दोन्ही सारखे, यंत्राला ते दोन निराळे शब्द. म्हणून हे भेदही उभ्या रेघेने त्याच ओळीत घ्यावेत : संघ|सङ्घ|संघं|सङ्घं. अरणविभंग सुत्तातले भांडे इथे उपयोगी पडते. दोन्ही नावे ठेवावीत, भांडण करू नये.

सर्व टंकन युनिकोडमध्येच करावे. जुन्या छापखान्यांच्या फाँटमध्ये केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात. त्यात शोध लागत नाही.

पायरी चौथी : कोशाचे यंत्ररूप

तक्ता तयार झाला की तो साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन करावा. दोन रकान्यांमध्ये टॅब असावा, शब्दांभोवती अवतरणचिन्हे नसावीत आणि अक्षरसंच यूटीएफ-८ निवडावा. ही तुमची मूळ प्रत.

आता 'पायग्लॉसरी' हा मोफत कार्यक्रम संगणकावर घ्या. त्याला ही मजकुराची फाईल द्या आणि 'स्टारडिक्ट' या स्वरूपात बदलायला सांगा. त्यातून काही लहान फाईली तयार होतात. एकीत कोशाचे नाव आणि शब्दसंख्या, दुसरीत शब्दांची क्रमवार सूची, तिसरीत अर्थ. उभ्या रेघेने जोडलेली रूपे आणखी एका फाईलीत जातात.

शोध कसा लागतो, तेही समजून घ्या. सूचीत प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ तिसऱ्या फाईलीत कोणत्या जागी आहे, याचा आकडा असतो. जाड कोश आपण मध्यावर उघडतो, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहतो, आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करतो. यंत्रही तेच करते. हजार शब्दांच्या कोशात असे दहा वेळा अर्धे केले की नेमका शब्द हाती येतो. यात जादू नाही. क्रम लावलेला आहे, म्हणून शोध लागतो.

पायरी पाचवी : रीडरमध्ये बसवणे

या कामासाठी नवे यंत्र विकत घ्यावे असे नाही. 'कोरीडर' हा वाचनाचा मोफत कार्यक्रम अँड्रॉईड मोबाईलवर चालतो, तसाच कोबो आणि पॉकेटबुक या ई-बुक रीडरांवरही चालतो. कोरीडरच्या फोल्डरात 'डेटा' आणि त्याच्या आत 'डिक्ट' असा फोल्डर असतो. त्यात 'घरचा कोश' नावाचा फोल्डर करून तयार झालेल्या सर्व फाईली ठेवाव्यात आणि कोरीडर बंद करून पुन्हा उघडावा. आता पुस्तकातील शब्दावर बोट दाबून धरा. अर्थाची चौकट उघडेल. शोधाच्या यादीतून शब्द टंकूनही पाहता येतो.

किंडलचा मार्ग निराळा आहे. त्याला कोश स्वतःच्या स्वरूपातच लागतो, आणि पुस्तकावर जी भाषा नोंदलेली असेल त्या भाषेचाच कोश तो उघडतो. नवशिक्याने आधी मोबाईलवर कोश चालवून पाहावा. मूळ प्रत हाती असली की पायग्लॉसरीतून दुसऱ्या स्वरूपाचा कोश पुढे केव्हाही करता येतो.

वाचायचे पुस्तकही शोधण्याजोगे हवे. पानांचे फोटो काढून केलेल्या पुस्तकात यंत्राला अक्षरे दिसत नाहीत, फक्त चित्र दिसते. तेव्हा वंदनेचा पाठ युनिकोडमध्ये स्वतः टंकून लिब्रेऑफिसमधून ईपब स्वरूपात जतन करावा. टंकताना तोही एक पाठच होतो.

प्रथम पाचच शब्दांचा कोश करून ही सारी वाट एकदा चालून पाहावी. पाच शब्द नीट उघडले की मग पन्नास लिहावेत. पन्नास लिहून झाल्यावर चूक सापडली तर मन खट्टू होते.

काही सावधगिरी

पहिली गोष्ट, अर्थ मनाने लिहू नये. खंड १६ विहारात किंवा वाचनालयात मिळाल्यास तो समोर ठेवावा. जिथे शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह करावे आणि भन्तेजींना किंवा पालीच्या शिक्षकांना विचारावे. प्रश्नचिन्ह असण्यात कमीपणा नाही. चुकीचा अर्थ ठामपणे लिहिण्यात मात्र आहे, कारण यंत्र चुकीचा अर्थही तितक्याच झटकन दाखवते, आणि मुले छापल्यासारखे दिसणारे सारे खरे मानतात.

दुसरी गोष्ट, दुरुस्ती नेहमी मूळ प्रतीत करावी आणि कोश पुन्हा तयार करावा. मूळ प्रत दोन ठिकाणी जपावी. एक घरी, एक विहारात.

तिसरी गोष्ट, हे काम घरातल्या एकट्या शिकलेल्या मुलाचे समजू नये. आजीला पाठ तोंडपाठ असतो. तिने एकेक शब्द म्हणावा, नातीने टंकावा, आईने अर्थ वाचून तो आपल्या बोलीत कळतो का ते सांगावे. वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात जो शब्द घरात चालतो तो अर्थात लिहायला हरकत नाही. आजीला कळला तर अर्थ बरोबर उतरला असे समजावे.

चौथी गोष्ट, कोश म्हणजे धम्म नव्हे. 'मुसावाद' याचा अर्थ खोटे बोलणे, हे कोश सांगेल. दुकानात माप देताना काय करायचे, ते आपल्यालाच ठरवायचे आहे.

आमच्या विहारातल्या त्या कुटुंबाने पुढे आपला कोश केला. पहिली ओळ सिक्खापदाचीच. अर्थ आजीने सांगितला तसा नातीने टंकला : "कुणी मारत नाही. आपण शिकायचं." त्याखाली तिने कोशातला अर्थही लिहिला आहे. दोन्ही ठेवले आहेत. आता आजी पंचशील म्हणते तेव्हा तिचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा येतो.

स्वाध्याय

१. आपल्या वंदनेतील न कळणारे पाच शब्द कुटुंबाने मिळून लिहून काढावेत.
२. त्यांपैकी मराठीत फसगत करणारा शब्द कोणता, ते सांगावे.
३. 'धम्म' या शब्दाची वंदनेत येणारी रूपे उभ्या रेघेने जोडून लिहावीत.
४. 'कम्म' आणि मराठीतील 'कर्म' यांतील फरक घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्याच बोलीत समजावून सांगावा.
५. पाच शब्दांचा कोश तयार करून पुढच्या पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर उघडून दाखवावा.

जय भीम.